आधी काय वाजलं?

"गाणं सोड. गाण्याच्या आधी काय वाजलं, ते सांग."

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकांना जुन्या सिनेमाचं नाव सांगितलं की हा प्रश्न ठरलेला. आपण गाणं गुणगुणायला तोंड उघडावं आणि त्यांनी ते असं मिटवावं. ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर गिरगावातून इथे बोळिंजला आले. सामानात भांडी कमी, तबकड्या आणि कॅसेटी जास्त. काकू म्हणायच्या, "माझं कपाट बाल्कनीत आहे, पाहिलंत ना?"

तुम्हीही असे संग्राहक पाहिले असतील. पण काकांना गाण्यांपेक्षा पार्श्वसंगीताचं वेड. त्याच्या तबकड्या फारशा निघत नसत, म्हणून तरुणपणी ते भाजीच्या पिशवीत टेपरेकॉर्डर लपवून थिएटरात बसत. वर कोथिंबिरीची जुडी. त्या कॅसेटींवर व्हायोलिनांच्या मधूनच कुणीतरी खोकायचं. "हा बाल्कनीतला," काका सांगायचे. "दर रविवारी यायचा. चांगला माणूस. पण खोकला नेमका बासरीवर!"

मतं मात्र कडक. "रडणाऱ्या बाईच्या मागे सारंगी लावणारा संगीतकार म्हणजे पाहुण्याच्या पानाशी उभं राहून 'जेवा, जेवा' करणारा यजमान. अरे, जेवू दे की त्याला!" मोठा संगीतकार कुठे थांबतो यावर ओळखायचा, असं ते म्हणत. आणि साउंडवाल्यांवर तर त्यांचा जन्माचा राग. सोसायटीच्या कुठल्याही कार्यक्रमात उठून जायचे आणि सांगायचे, "आवाज वाढवलास म्हणजे लावलास असं नाही, बाबा."

मग त्यांना ऐकू येईनासं झालं. आधी दाराची बेल, मग फोन, मग काकूंची हाक. मुलीने कानाचं मशीन आणून दिलं. त्याने बोलणं कळायचं, पण पहिल्याच तबकडीला त्यांनी ते काढून ठेवलं. "व्हायोलिन पत्र्यासारखं वाजतंय," एवढंच बोलले. त्यानंतर समोरच्या घरातून संगीत येणं बंद झालं. त्या शांततेची आम्हालाच सवय होईना.

त्या वर्षी गणपतीत कमिटीने मुद्दाम काकांच्या आवडीचा एक कृष्णधवल सिनेमा लावला. आवारात पडदा, समोर खुर्च्या. काका पहिल्या रांगेत बसले, मशीन काढून शर्टाच्या खिशात टाकलं. मी त्यांच्या शेजारी होतो.

मध्यंतरानंतर आवाज गेला. पडद्यावर माणसं नुसती ओठ हलवत होती. मागे कुजबुज सुरू झाली, साउंडवाला वायरी तपासू लागला, सेक्रेटरी सिनेमा बंद करायला उठले. तेवढ्यात काकूंनी त्यांना हाताने थांबवलं आणि काकांकडे बोट केलं.

काकांना काही कळलंच नव्हतं. त्यांचा उजवा हात मांडीवर हलत होता. मधेच जोरात, मधेच अगदी हलका. एकेक करून लोक पडदा सोडून तो हात पाहू लागले.

पडद्यावर धक्क्यावरून एक होडी सुटली. होडीत सासरी निघालेली मुलगी, धक्क्यावर तिचा बाप. काकांचा हात थांबला. होडी लांब जात राहिली, हात हलेना. मला वाटलं, विसरले. साउंडवाला म्हणाला, "कनेक्शन तर लागलंय, पण आवाज येत नाही." होडी ठिपक्याएवढी झाली. बापाने पाठ फिरवली. काकांची दोन बोटं मांडीवरून अलगद वर उठली, आणि त्याच क्षणी स्पीकरमधून एकटं व्हायोलिन वाजू लागलं.

आवाज मघाशीच आला होता. त्या जागी मूळ सिनेमातच संगीत नव्हतं.

कुणी टाळी वाजवली नाही. काकांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि हात चालूच होता, व्हायोलिनच्या तसूभरही पुढे नाही, मागे नाही.

सिनेमा संपल्यावर त्यांनी मशीन कानात घातलं आणि साउंडवाल्याजवळ गेले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "आज आवाज उत्तम होता हो तुमचा. कुठे म्हणून खटकला नाही."

साउंडवाल्याने खाली वाकून काकांच्या पायांना हात लावला. "अरे, एवढं काय त्यात?" काका गोंधळून काकूंकडे पाहू लागले. काकू म्हणाल्या, "चला, आरतीची वेळ झाली." त्या संध्याकाळी काय झालं होतं, ते त्यांना कुणीच सांगितलं नाही.

पुढच्या माघात काका गेले.

परवा तो सिनेमा मी घरी लावला. होडी सुटण्याआधी आवाज बंद केला आणि मांडीवर हात ठेवून बसलो. व्हायोलिन कुठे सुरू होतं, ते मला नीट पाठ आहे असं वाटत होतं. होडी गेली, बाप वळला, घरी पोहोचला, त्याने दार लावून घेतलं. 'आता, आता' म्हणता म्हणता ती जागा निघून गेली होती; माझा हात तसाच मांडीवर होता.