रेवाचा बाप

डभोईत तांबं ठोकण्यात माझी हयात गेली. दयाळजी भटाची माण मीच घडवलेली. अरुंद तोंडाचा, मोठ्या पोटाचा तांब्याचा घडा. बोटांत अंगठ्या घालून भट तिच्यावर ताल धरायचा आणि चौकात आख्यानं सांगायचा. अंगानं काडी, आवाज घोगरा, पण सुदाम्याची गोष्ट लावली की बायका तव्यावरचा रोटला विसरून धावायच्या. रोटला करपला की नवरे भटाच्या नावानं खडे फोडायचे.

आख्यानं सगळी त्यानं रचलेली, पण शेवटच्या ओळीत नाव गुरूचं, त्रिकमदासांचं. शिष्यानं तसंच करायचं असतं. त्रिकमदास जन्माचे ब्रह्मचारी, नर्मदेकाठी मढीत राहिले आणि तिथंच गेले. पदात गुरूचं नाव घालणं मला कधी पटलं नाही.

"भटजी, मी साधा लोटा घडवला तरी बुडाशी माझी खूण ठोकतो. तुमची खूण कुठाय?"

"मला काय करायचीय रे कानजी? आहे ते सगळं त्यांचंच," म्हणून तो हसायचा.

मग त्याची लेक रेवा गेली. एकुलती एक. आई लहानपणीच वारलेली, म्हणून भटानंच तिच्या वेण्या घातल्या, त्याही वेड्यावाकड्या. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि बाळासकट गेली. भट बारा दिवस बोलला नाही. तेराव्या दिवशी सकाळी मला ओसरीवर बसवून त्यानं एक पद म्हणून दाखवलं. देवाला असं फाडून काढलं होतं त्यात, की मला तिथं बसवेना. शेवटी होतं, दयाळजी विचारतो, माझी रेवा कुठं ठेवलीस?

"गुरूंचं नाव नाही घातलंत?"

"शिव्या मी दिल्यात. त्या गुरूंच्या माथी कशा मारू? आणि पोरगी माझी आहे, कानजी. एवढं एक माझ्या नावावर राहू दे."

आमच्या चौकात शेवटची ओळ भट एकदा म्हणतो आणि मग लोक ती उचलतात. त्या संध्याकाळी तो म्हणाला दयाळजी, आणि चौक म्हणाला त्रिकमदास. तीस वर्षांची सवय जिभेची, दुसरं काय होणार! त्यानं पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच. शेवटी माणीवर हात आपटून तो ओरडला, "दयाळजी म्हणा रे! दयाळजी!"

मग समोर बसलेली झमकूबा उठली. आमच्या गल्लीतली सगळ्यात तिखट म्हातारी ती.

"का रे दयाळ, गुरूच्या डोक्यावर बसायला निघालास? पोरीबरोबर अक्कलही गेली का तुझी? तुझंच नाव घ्यायचं असेल तर तुझा तूच गा बाबा."

तिच्यामागून सगळ्या बायका उठल्या. पुढं वर्षभर ते पद कुणी तोंडात घेतलं नाही. भट एकटाच म्हणायचा, भिंतीकडे बघत. एक दिवस माझ्या दुकानाशी येऊन म्हणाला, "कानजी, मी गेलो की रेवाचं नाव घेणारं कुणी उरणार नाही रे."

त्या आठवड्यात तो चौकात बसला आणि ओळ बदलून म्हणाला: त्रिकमदास विचारतो, माझी रेवा कुठं ठेवलीस? चौकानं ती अशी उचलली की माझ्या अंगावर काटा आला. बायका ढसाढसा रडल्या. झमकूबा सगळ्यात जास्त. मी मात्र घरी येऊन हातोडी फेकून दिली.

पद गावोगाव गेलं. पंधरा वर्षांनी चांदोदकडच्या बायका भटाच्या दाराशी विचारत आल्या, "त्रिकमदास महाराजांची रेवा गेली ते घर हेच ना?"

"अहो, ब्रह्मचाऱ्याला लेक कुठून येणार?" मी खेकसलो.

"वा! महाराज स्वतःच पदात सांगतात की!" एकीनं मलाच सुनावलं.

उंबऱ्यावर भट बसला होता. डोळे गेलेले, मांडीशी माण.

"काका, जरा सरका. आम्हाला पाया पडायचंय."

तो माण ओढत बाजूला सरकला. त्यांनी उंबऱ्यावर नारळ ठेवला, गूळ-तुपाची सुखडी ठेवली. एकीनं सुखडीचा तुकडा त्याच्याही हातावर ठेवला आणि सहज विचारलं, "तुम्ही कोण त्यांचे?"

मी तोंड उघडलं. भटानं चाचपडत माझं मनगट पकडलं, असं घट्ट की अंगठ्या रुतल्या.

"मी कुणी नाही, बेन," तो म्हणाला. "मी माण वाजवतो."

"मग महाराजांच्या लेकीचं पद म्हणा ना!"

आणि त्यानं ते म्हटलं. पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत, त्यांच्या महाराजांच्या नावानं.