भिंतीवरचं जाळं

किनाऱ्यावरच्या हॉटेलातल्या पबात मी बाबीकाकांना घेऊन गेलो, हीच चूक झाली. एक थंड बिअर प्यायची होती, बाकी काही नाही. पण टेबल मिळायलाच अर्धा तास गेला, कारण पर्यटकांना आधी फोटो हवे होते आणि बिअर मागाहून. गाणी अशी दणाणत होती, की पन्नास पावलांवरचा समुद्र मुका वाटावा.

आमच्या शेजारी भिंतीवरून शोभेसाठी जुनं जाळं सैल सोडलं होतं. उभा जन्म मासेमारीत गेलेले काका त्यातल्या मोठ्या भोकाकडे बघत राहिले. मग ग्लास बाजूला सारून त्यांनी लोंबणारा दोरा ओढला आणि बघता बघता भोक विणून टाकलं. फाटकं जाळं नुसतं बघत बसणं त्यांना जमतच नाही.

मॅनेजर धावत आला. "काका, हे काय केलंत? लोक त्या भोकातून तोंड काढून फोटो काढतात!" त्याने लिंबू कापायची सुरी मागवली आणि गाठी कापून टाकल्या.

माझं डोकं फिरलं. आमचं सगळं यांना आवडतं, फक्त ते कामाचं असता कामा नये!

काका मात्र सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत एवढंच म्हणाले, "गाठ बरी बसलेली रे."