कोऱ्या डोळ्यांचा वाघ
चिंचोक्याच्या खळीचा वास आला की मला इंग्रजांच्या राज्यातलं, तंजावुरातलं ते पदक आठवतं. माझे वडील राजवाड्यामागच्या गल्लीत, त्या खळीनं फळीवर कापड चिकटवून, देवांची चित्रं काढायचे. त्या वर्षी त्यांनी मुलांसाठी वाघाचं चित्रपुस्तक रंगवलं. आमच्याकडे चित्राचे डोळे सगळ्यांत शेवटी रंगवतात, आणि तेही ज्यानं चित्र काढलं त्यानंच. शेवटच्या पानावरच्या वाघाचे डोळे तेवढे राहिले आणि वडील तापानं गेले. मी पुस्तक तसंच, कोऱ्या डोळ्यांनी, चित्रपुस्तकांच्या स्पर्धेला नेऊन दिलं. ते पहिलं आलं. भर दुपारी, भरल्या सभेत गोऱ्या परीक्षकानं माझ्या हाती पदक ठेवलं आणि दुभाष्याकरवी म्हणाला, "शेवटच्या वाघाचे डोळे विसरवत नाहीत. डावा जरा तिरळा काढलाय, नाही?" डावा डोळा वडिलांचा तिरळा होता. पुस्तक परत मिळताच मी तिथंच ते पान उघडलं, तर डोळे कोरेच. घरी येऊन सांगितलं तेव्हा आई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "पदक बघायास आले होते," ती म्हणाली, "बघून गेले." काल माझ्या नातीनं ते पुस्तक बाहेर काढलं, शेवटच्या पानाशी थांबली आणि म्हणाली, "आजी, हा तिरळा वाघ तुझ्याकडेच का बघतो?"