काल शेवटी कोण जेवलं?

आमच्या कर्जतच्या डॉक्टरांकडे पोटदुखी घेऊन जा, नाहीतर खरूज, बाईमाणूस दिसलं की ते आधी एकच विचारत, "काल घरात शेवटी कोण जेवलं?" ती "मी" म्हणाली की तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघत आणि दवाखानाभर ऐकू जाईल असं म्हणत, "ही पापणी आहे की धुतलेला पंचा?" सभ्यपणाशी त्यांचं कधी जमलं नाही. खेड्यापाड्यांतल्या बायका त्यांना 'ताटवाला डाक्तर' म्हणत. मुलांनो, दर पत्रात मी तुमच्या आईच्या जेवणाची चौकशी का करते, असं विचारता ना? ही खोड त्यांची.

एकदा पोशीरची एक सासू सुनेला आणि जुलाब लागलेल्या नातवाला घेऊन आली. प्रश्न ऐकून भडकली. "डाक्तर, दुखनं पोराला हाय, तुमी सुनंच्या जेवनाचं काय इचारताय? आमच्यात बायका मागनंच जेवतात."

"बरं. मग हिच्या गोळ्यासुद्धा घरातल्या सगळ्यांनी खाऊन उरल्या तरच हिला द्या."

म्हातारीने सांगितलं तसंच केलं. पोरगा बरा झाला, पण सुनेच्या लोहाच्या गोळ्या तिच्या नवऱ्याने संपवल्या. तो खोपोलीला कारखान्यात राबत होता, त्याला ताकद नको? टोमणा हे औषध सगळ्यांना लागू पडत नाही, हे डॉक्टरांना तेव्हाच कळायला हवं होतं.

मग माझी पाळी आली. तुमचे बाबा चार महिन्यांचे होते आणि त्यांचं वजन वाढायचं थांबलं होतं. मी इंग्रजी शिकलेली, तेव्हा घाबरण्याचं कामसुद्धा नीट वही आखून केलं. दूध किती वाजता पाजलं, किती मिनिटं, किती दुपटी ओली झाली, लाल शाईच्या रकान्यांत सगळं होतं. डॉक्टरांनी पानं उलटली.

"अक्षर सुरेख आहे. तुम्ही स्टेशनमास्तर व्हायचं होतंत. काल शेवटी कोण जेवलं?"

"मी. पण डॉक्टर, पेशंट बाळ आहे."

"काय उरलं होतं?"

मला आठवावं लागलं. भात, आणि आमटीतलं वरचं पाणी.

त्यांनी माझी पापणी ओढली. या वेळी पंचा वगैरे काही म्हणाले नाहीत. "वहीत पोराची मिनिटामिनिटाची नोंद, आणि दूध जिथून येतं तिथली एक ओळ नाही. महिनाभर सगळ्यांच्या आधी जेवा. नाहीतर हे पोर हातचं जाईल."

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. घरी येऊन त्यांनी माझं पान पहिलं वाढलं आणि महिनाभर त्या पानाकडे पाठ करून बसल्या. पण वाढलं. आणि बाळाचं वजनही वाढायला लागलं.

बाळांना तोलायचा काटा डॉक्टरांच्या घरी, स्वयंपाकघराला लागून असलेल्या पडवीत होता. महिना भरला त्या दुपारी मी तिथे होते. डॉक्टर जेवायला बसले होते. तीनदा भाजी मागितली, तिसऱ्यांदा त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, कढई खरवडून वाढली. मग वहिनींनी स्वतःसाठी ताक-भात कालवला. मला काय सुचलं कोण जाणे.

"डॉक्टर, तुमच्याकडे काल शेवटी कोण जेवलं?"

त्यांचा घास हातातच राहिला. "बाळाचं वजन झालं ना? मग या आता."

पुढे आठ दिवस त्यांनी कोणालाच तो प्रश्न विचारला नाही. बायका बाहेर कुजबुजायच्या, "डाक्तरला बरं नाय का गं?" नवव्या दिवशी पुन्हा सुरू झाले, पूर्वीपेक्षा मोठ्याने. मधल्या काळात काय झालं ते मला वहिनींनी सांगितलं, तेही रागावून. सगळ्या तालुक्याच्या पापण्या ओढणाऱ्या या गृहस्थाने लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर बायकोची पापणी पहिल्यांदा बघितली होती. "तेव्हापासून मी जेवल्याशिवाय पाटावर बसत नाहीत. समोर बसून बघतात हो, घास उतरत नाही. तुम्ही कशाला बोललात?"

डॉक्टर गेले तेव्हा मी भेटायला गेले. घर पाहुण्यांनी भरलं होतं. पानं मांडली आणि वहिनी उठून पहिल्या पानावर जाऊन बसल्या. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक नणंद म्हणालीच, "वहिनी, अगं, पुरुषमंडळींची जेवणं व्हायची आहेत."

वहिनींनी भात कालवला. "होऊ देत," त्या म्हणाल्या. "त्यांच्यातलं कोणी माझी पापणी ओढून बघणार नाही."