आसरामाय काठावर आली

त्या उन्हाळ्यात मला सारखं वाटायचं, देवीनं आपल्याकडे पाठ फिरवली. माझ्या लेकीच्या घोट्यातून नारू निघाला होता. शहरातल्या माणसांना कदाचित ठाऊक नसेल, नारू म्हणजे दोऱ्यासारखा लांब, पांढरा किडा. कातडी फोडून बाहेर येतो. त्याला काडीवर गुंडाळत रोज थोडाथोडा ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सडतो, आणि कित्येकदा पोर जन्माची लंगडी होते. माझा स्वभाव आधीच उतावळा. चुलीवर भाकरी करपायची आणि माझा जीव त्या काडीपाशी. हिचा पाय राहील का, एवढा एकच प्रश्न उठता-बसता डोक्यात.

आमचं गाव बोरी अरबच्या बाजूचं. गावाला पाणी एकाच बावडीचं, पायऱ्या उतरून भरायचं. खाली पाण्याला लागून देवळीत शेंदूर लावलेले सात दगड होते, त्या आमच्या साती आसरा, पाण्याच्या देवी. नारू झाला की आसरामायला नवस बोलायचा आणि दर मंगळवारी दुखरा पाय घेऊन पाण्यात उभं राहायचं, ही गावची रीत. गार पाण्यात पायाची आग खरंच शमायची. मायनं हात फिरवला, असं आम्ही म्हणायचो. आणि त्याच पाण्यात गुंड, म्हणजे पाण्याची घागर, बुडवून घरी न्यायचो.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या मागच्यापुढच्या सालातली ही गोष्ट. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर एका गुरुवारी भजनाला येऊन बसले आणि भजन संपल्यावर बोलले. दुखऱ्या पायातून किड्याची पिल्लं पाण्यात सुटतात, ते पाणी पोटात गेलं की पुढच्या उन्हाळ्यात पिणाऱ्याच्या पायातून नारू निघतो. पायऱ्या बुजवा, भोवती कठडा बांधा, वरून रहाटानं पाणी ओढा. भजनी मंडळानं अंगमेहनत कबूल केली, मशिदीकडच्या घरांनी विटा-चुना दिला आणि त्यांच्यातलेच गवंडी चाचा थापी घेऊन हजर झाले. पण चाचांनी एक अट घातली. तुमच्यापैकी कुणीतरी आसरामायला मानानं वर आणा, त्याशिवाय मी वीट ठेवणार नाही. आता पाण्याच्या देवीला पाण्याबाहेर कोण काढणार? कुणाचा हात धजेना. सगळ्यात मोठा गळा माझा होता. ज्यांनी आजवर पाणी पाजलं त्यांनाच घराबाहेर काढता काय, असं मी चारचौघांत सुनावलं. लेकीचा नवस माझ्या डोक्यावर होता ना!

मंगळवारी मी तिला खांद्याचा आधार देऊन बावडीवर नेलं. पायरीवर तांड्यावरची एक लमाणी म्हातारी रिकामा गुंड घेऊन बसलेली. तांड्याला स्वतःची विहीर नव्हती, उन्हातान्हात तेही इथूनच पाणी नेत. आम्हाला उतरताना पाहून ती वाट अडवून बसली.

"लेकीले आत नोको नेऊ, बाई."

मी ताडकन म्हटलं, "नवस हाये माहा. तू कोन मले अडवनारी?"

ती हलली नाही. "पान्यातच माय हाये ना तुही? मंग हे दुखनं तिच्याच अंगावर कायले टाकतं? मले त तेच पानी नातीले पाजा लागते."

मला भयंकर राग आला, आणि कुणाचा आला तेही कळेना. म्हातारीनं खाली जाऊन गुंड भरला, पोरीला विहिरीपासून लांब बाभळीखाली बसवलं आणि ओढणीतून गाळून ते पाणी तिच्या पायावर ओतलं. लेक म्हणाली, बरं वाटते. मग मी एकटीच उतरले. माझी ओटी आजवर आसरामायनं भरली होती, त्या दिवशी मी तिलाच ओटीत घेतलं. सातही दगड काठावर आणून मांडले, तेव्हा काठावर वाट पाहत बसलेले चाचा थापी खाली ठेवून मानानं उभे राहिले. मग पायऱ्या बुजल्या आणि बावडीभोवती कठड्याची भिंत उभी राहिली.

लेकीचा नारू सबंध निघाला आणि पाय वाचला. पण माझं मन काही थाऱ्यावर आलं नाही. पुढचा उन्हाळा लागला आणि गावात पुन्हा नारू निघाले. हा आधीच्या पाण्याचा, असं डॉक्टर सांगत होते, पण कोपलेल्या देवीपुढे डॉक्टरचं कोण ऐकतो? जो तो माझ्याकडे बोट दाखवू लागला. तूच वर आणली, तूच खाली ने, आम्ही भिंत पाडतो. कुणी लंगडताना दिसलं की मी वाट बदलायची. देवळात बसवेना, घरात बसवेना. शेवटी गावाला हो म्हणायचं ठरवूनच मी तांड्यावर गेले, त्या म्हातारीशी भांडायला.

ती झोपडीच्या दारात बसली होती. नातीचा पाय मांडीवर, हातात काडी. काडीवर नारू.

मी उभीच राहिले. तो किडा आमच्याच गावच्या पायांतून आला होता, ते काही बोलून दाखवायची गरज नव्हती. मी कसंबसं म्हटलं, "माय, लोक भित पाडतो म्हनून राह्यले."

तिनं काडीवरची नजर काढली नाही. "पाडू नोको देऊ. हे मांगच्या सालच्या पान्याचं हाये." मग आत टांगलेल्या, तान्ह्या नातीच्या झोळीकडे मान केली. "थे झोयीतली या सालचं पानी पेते."

मी परत आले ती थेट काठावर. आसरामायपुढे डोकं टेकलं आणि मोठ्यानं म्हटलं, माये, मले आता काहीच समजत नाई, तूच पाह्य. इतकी वर्षं मी तिला काय करायचं ते सांगत आले होते, तसं न सांगता हात जोडले ते त्या दिवशी पहिल्यांदा. गावाला सांगितलं, माझ्या हातानं माय खाली जाणार नाही, भिंत पाडायची तर आधी मला उचला. लोकांनी शिव्या घातल्या, पण भिंत राहिली.

ते वर्ष कसं काढलं ते आसरामायलाच ठाऊक. उन्हाळा आला, गेला. ना गावात नारू निघाला, ना तांड्यावर.

म्हातारी आता नाही. तिची मोठी नात थोडी पाय ओढत चालते. झोळीतली आता शाळेत जाते, आणि मंगळवारी आसरामायच्या नारळाचा प्रसाद घ्यायला माझ्याकडे धावत येते. दरवेळी मी तिच्या तोंडाआधी तिचे घोटे पाहते.