बाईंचा माउस

बाईंनी माउसला हात लावला की संगणकाच्या पडद्यावरचं प्रोटीनच्या रेणूचं चित्र थरथरायचं. बाई आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांत ज्येष्ठ. वर्षभर झालं, त्यांचा उजवा हात कापतो, आणि त्याबद्दल कुणीच काही बोलत नाही. रेणू फिरवून बघायच्या आमच्या सॉफ्टवेअरमध्ये माउसचं वागणं बदलता येतं. मी बाईंना न विचारताच दहा ओळींचा कोड लिहिला. माउस जरासा हलला तर तिकडे लक्षच द्यायचं नाही, चांगला सरकला तरच रेणू फिरवायचा.

सकाळी बाई आल्या, त्यांनी माउस धरला. प्रोटीन जागचं हललं नाही. मला बरं वाटायला हवं होतं, पण मी खुर्चीत नुसती चुळबुळत राहिले. शरीरातलं प्रोटीन खरं तर क्षणभरही स्वस्थ नसतं. ते थांबलेलं दिसतं ते फक्त आमच्या चित्रांत. ती थरथर आम्ही आधीच गाळलेली. आता मी बाईंचीही गाळून टाकली होती, आणि तीही त्यांच्या पाठीमागे.

"तू यात काही केलंस का गं?" बाईंनी विचारलं.

मी सांगून टाकलं.

"काढ ते," त्या शांतपणे म्हणाल्या. "हात आज कसा आहे, ते मला रोज यावरूनच कळतं."

मी कोड काढला. प्रोटीन पुन्हा थरथरायला लागलं, कालच्यापेक्षा जास्त. ते आम्हा दोघींनाही दिसलं. बाईंनी माउस डाव्या हातात घेतला.