कॅचरनं बोट दाखवावं, पिचरनं टाकावं

मेडशीच्या शाळेमागचं मैदान म्हणजे अर्धं मैदान अन् अर्धी ढोरांची बसायची जागा. दिवाळी झाली, सोयाबीन निघालं, की प्रसेनजित तिथलं शेण उचलतो, गोटे वेचतो अन् चुन्याच्या रेघा मारतो. नोकरी एस.टी.त कंडक्टरची. दुपारून रिसोडची गाडी अन् सकाळभर बेसबॉल. गावातल्या एकानं विचारलं होतं, "काय भेटते बे तुले याच्यात?" प्रसेनजित म्हणाला, "तुले दारूत काय भेटते?" त्यानं पुन्हा विचारलं नाही.

पण त्याच्या हाताखालून गेलेल्या पोरापोरींनी राज्याचे सामने मारले होते, म्हणून पुण्याच्या एका क्लबानं पगारी संघ काढला तेव्हा फोन त्यालाच आला. त्यांना कॅचर पाहिजे होता. वयानं लहान, पुढं मोठा होईल असा. "तुम्ही हो म्हटलं तर आम्ही पाहायलाही येत नाही, थेट बोलावून घेतो," असं तिकडचे कोच म्हणाले.

कॅचर म्हणजे बॅटवाल्याच्या मागं, तोंडावर जाळी लावून उकिडवा बसतो तो. लोकांना वाटतं त्याचं काम झेलायचं. झेलतो तर आहेच, पण खरं काम इशाऱ्याचं. दोन मांड्यांच्या मधात हात धरून तो बोटं दाखवतो. एक बोट म्हणजे जोराचा, दोन म्हणजे वळणारा, चारही म्हणजे हळू. समोरचा पिचर मुंडी हलवतो अन् मागितला तोच बॉल टाकतो. बसलेला हुकूम देतो, उभा आहे तो ऐकतो.

अन् प्रसेनजितचा जन्म याच गोष्टीवरून वाकडा झाला होता.

तेव्हा वाशीम जिल्हा झाला नव्हता, सारं अकोल्यात होतं. शाळेच्या संघात प्रसेनजित कॅचर अन् दौलतराव पिचर. दौलतराव गावातल्या मोठ्या शेतीवाल्या घरचा. प्रसेनजित विहाराजवळच्या आळीतला, त्याचा बाप दौलतरावाच्याच वावरात निंदणाला जायचा. अकोल्याला राज्याची निवड होती. निवडणारे खुर्च्या टाकून बसलेले. आदल्या रात्री दौलतरावाला कोणीतरी डिवचलं होतं, अन् सकाळी तो साऱ्यांसमोर म्हणाला, "याचा बाप माह्या बापाचं ऐकते, अन् हा मले बोटं दाखवते का?" प्रसेनजितनं चार बोटं दाखवली. हळू मागितला. दौलतरावानं मुंडी हलवली अन् अंगातला सारा जोर लावून टाकला. हळू बॉलसाठी सैल ठेवलेल्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर तो आदळला. हाड फुटलं. दौलतराव राज्याला गेला. प्रसेनजित बापासोबत गाडीत बसून घरी आला, अन् गाडीत बाप एवढंच बोलला, "त्यायच्याशी कायले खेळा लागते?"

ते बोट पुढं सरळ झालं नाही. दौलतरावानं कधी माफी मागितली नाही, याचंही काही नाही. मागितली असती तर प्रसेनजितला राग धरणं अवघड गेलं असतं. राग त्यानं खत घालून वाढवला होता.

अन् आता त्याच दौलतरावाचा पोरगा ऋषिकेश जवळच्या मालेगावच्या शाळेकडून कॅचर खेळत होता. चांगला खेळतो असं कानावर होतं. पुण्याच्या फोनची बातमी फुटली अन् दौलतराव मोटरसायकल घेऊन दारात.

"प्रसेनजितभाऊ," तो म्हणाला. पूर्ण नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालं होतं. "पोराले एकदा पाह्यजा बा. तुमच्या हातात हाये."

"आना उद्या," प्रसेनजित म्हणाला.

तो गेल्यावर रूपा, त्याची बायको, चुलीपाशी बसून बोलली, "नाई म्हना अन् मोकळे व्हा."

"नुसतं नाई म्हटलं तं तो म्हनीन, जळून राह्यला. त्याच्याच हातानं पोराचं वाटोळं झालं पाह्यजे. अन् त्याले कळलं पाह्यजे."

"ते कसं?"

"त्याले टाकाले लावतो."

रूपानं तव्यावरची भाकर उलटवली. "टाकीन का तो?"

"गावभर सांगत फिरते ना, मी राज्याले खेळलो म्हून. साऱ्यांसमोर म्हटलं तं नाई म्हनीन का?"

दुसऱ्या दिवशी मैदानाच्या कडेला माणसं जमली होती. ऋषिकेश छातीला पॅड अन् तोंडावर जाळी बांधून तयार. बारीक पोट्टा, बापासारखा उंच, बोलायला कमी. प्रसेनजितनं बॉल दौलतरावाच्या हातात दिला.

"तुमी टाका."

"मी? खांदा कुठी रायला आता?"

"पोट्ट्यायचे बाल तं हा रोजच झेलते. मोठ्या मानसाचा झेलते का, ते पाहा लागते. अन् तुमच्यासारखा पिचर गावात दुसरा कोन हाये?"

कडेची माणसं हसली. दौलतरावानं मनगट फिरवलं, शर्टाच्या बाह्या वर केल्या. स्तुतीला तो माणूस तेव्हाही असाच बळी पडायचा.

"एकच कायदा," प्रसेनजित म्हणाला. "पोरगा बोट दाखवीन तोच टाकायचा."

दौलतरावानं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग "हो," म्हणाला.

प्रसेनजित त्याच्या पाठीमागं उभा राहिला. तिथून पोराची बोटंही दिसत होती अन् बापाचा खांदाही. पहिले दोन-चार बॉल बरे गेले. दौलतरावाचं अंग तापलं, कडेच्या लोकांनी 'वा' केलं, अन् प्रसेनजित ज्याची वाट पाहत होता ते झालं. ऋषिकेशनं चार बोटं दाखवली. दौलतरावानं जोराचा टाकला. बॉल पोराच्या खांद्यावर लागला, पॅड नव्हतं तिथं.

ऋषिकेश पुन्हा बसला. पुन्हा चार बोटं. दौलतरावानं पुन्हा जोराचाच सोडला. या वेळी बॉल पोराला चुकवून मागच्या तुरीत गेला.

प्रसेनजित मोजत होता. अजून एक, फक्त एक, अन् मग तो म्हणणार होता, दौलतराव, पोराले नाई जमत, अन् तुमीच दाखवलं ते.

ऋषिकेश उठला. जाळी डोक्यावर सारली अन् चालत बापापाशी आला. आवाज बारीक होता, पण प्रसेनजित तिथंच उभा होता.

"बाबा, मी चार बोटं दाखवली."

"तं मंग?"

"तं हळू टाका."

"तू मले शिकवतं का बे?"

"हो. तुमची पाठ मैदानाकडं हाये. मले सारं दिसते. मी म्हनीन ते टाका, नाई तं बाल दुसऱ्याच्या हाती द्या."

दौलतरावाचा चेहरा तांबडा झाला, अन् प्रसेनजितनं तो नीट पाहून घेतला. दौलतरावानं मान खाली घातली. पुढचा बॉल हळू आला. मागितला तसा.

ठरवलेलं फसलं होतं, पण प्रसेनजितच्या हाती त्याहून गोड काही लागलं. "अजून," तो म्हणाला. दौलतरावानं टाकला. "अजून." ऊन चढलं. पोरगा बोटं दाखवायचा, बाप मुंडी हलवायचा अन् टाकायचा. मधात दौलतरावानं खांदा दाबून मागं पाहिलं, तर प्रसेनजित शांतपणे म्हणाला, "अजून, दौलतराव. पुन्यात पगार देते, फुकट नाई नेत." काही लोक कंटाळून घरी गेले. प्रसेनजितला कंटाळा आला नाही. सुडानं समाधान भेटत नाही असं म्हणणाऱ्यांनी तो नीट घेतलेला नसतो.

मग त्याच्या ध्यानात आलं, की पोरगा चारच बोटं दाखवून राहिला आहे. सारे हळूच.

"ऋषिकेश, जोराचा माग," त्यानं आवाज दिला.

पोरानं चार बोटं दाखवली.

"जोराचा माग म्हटलं ना."

ऋषिकेशनं जाळी वर केली. "यायचा खांदा उतरला, सर. आता जोराचा मागितला तं तो बाल बॅटवाला गावाबाहेर मारते. मॅचमधी तुमी मले सांगाले येसान का?"

"पन आता मी हाये इथी."

"तरी बोटं माहीच हायेत, सर."

अन् जाळी खाली ओढून त्यानं पुन्हा चार बोटं दाखवली.

प्रसेनजित उभाच राहिला. झेलणं शिकवता येतं, बसणं शिकवता येतं. पिचरचा हात उतरला हे आधी ओळखणं, अन् बाहेरच्यानं कितीही आवाज दिला तरी न ऐकणं, हे एवढ्या वर्षांत त्याला कोणाच्याही अंगात घालता आलं नव्हतं. नाही म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण ते खोटं झालं असतं, अन् बेसबॉलबद्दल खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. नेमकं दौलतरावाच्याच घरात जन्माला यायचं होतं का या पोरानं, असं त्याच्या मनात आलं, अन् राग दुप्पट झाला.

त्यानं तिथंच पुण्याला फोन लावला. "भेटला कॅचर," तो म्हणाला. "हो, मोठा होते. डोळे मिटून न्या. एक सांगतो, पोट्ट्यात खोट नाई. खोट बापात हाये. बाप जवळ असला की पोराच्या बोटाले किंमत राहत नाई. जिथी पोरगा खेळीन, सराव असो का मॅच, तिथी बाप पाय ठेवनार नाई. हे कबूल असलं तरच माहा हो धरा." पलीकडून काही विचारलं. "थांबा, कबूल करते का विचारतो."

दौलतराव उजवा हात डाव्या हातात धरून उभा होता. पोराला खेळताना पाहायला पुण्याला जायचं, चार लोकांत 'माहा पोरगा' म्हणायचं, हे त्यानं आधीच गावभर सांगून टाकलं होतं.

"तू सूड घेऊन राह्यला," तो म्हणाला. 'भाऊ' गेलं होतं.

"हो मंग. लपून घेऊन राह्यलो का?"

दौलतरावानं पोराकडे पाहिलं. पोरगा जमिनीकडे पाहत होता.

"बरं," दौलतराव म्हणाला. "नाई येनार."

"फोनवर ऐकू नाई गेलं."

"नाई येनार म्हटलं."

प्रसेनजितनं फोन खिशात घातला. दुसऱ्या पिचरला बोलावलं, ऋषिकेशला बसवलं. दौलतराव चुन्याची रेघ ओलांडून कडेला जाऊन थांबला. प्रसेनजितनं हातानं खूण केली, मागं. दौलतराव रस्त्यावर गेला. प्रसेनजितनं पुन्हा खूण केली. दौलतराव मोटरसायकलपाशी गेला, डाव्या हातानं ढकलत ती तुरीच्या वावरापर्यंत नेली, अन् तिथून वळून पाहिलं. प्रसेनजितचा हात वरच होता. तुरीआड त्याचा शर्ट दिसायचा थांबला, तेव्हाच प्रसेनजितनं हात खाली घेतला अन् पिचरला म्हणाला, "हं, टाक."